जुना लॅपटॉप, साधा फोन आणि दीडशे फीड: रोजच्या वापरासाठी हलका रीडर कोणता घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स मिंट. हातात मध्यम किमतीचा अँड्रॉइड फोन. मराठी वर्तमानपत्रं, वीस-पंचवीस ब्लॉग, रिझर्व्ह बँकेची परिपत्रकं आणि काही यूट्यूब वाहिन्या असे मिळून दीडशेच्या आत स्रोत रोज पाहायचे आहेत. आधी वापरलेलं ॲप उघडलं की लॅपटॉप अडखळतो, आणि फोनवरचा डेटा कुठे जातो ते कळत नाही. तर हलका आरएसएस रीडर, म्हणजे संकेतस्थळांच्या फीडमधून (नव्या नोंदींच्या यादीतून) सगळं एका जागी आणून दाखवणारं ॲप, कोणता?

आधी उत्तर देतो, मग कारणं. फक्त फोनवर वाचणार असाल तर ‘फीडर’ नावाचं मुक्त स्रोत ॲप घ्या. ते एफ-ड्रॉइड या मुक्त स्रोत ॲपच्या भांडारात मिळतं आणि खातं उघडायला सांगत नाही. फक्त लॅपटॉपवर वाचणार असाल तर आरएसएस गार्डची ब्राउझर-इंजिनाशिवायची आवृत्ती किंवा लाइफरिया. दोन्हीकडे वाचायचं असेल आणि एकीकडे वाचलेली नोंद दुसरीकडेही वाचलेली दिसायला हवी असेल, तर रीडरच्या आधी सर्व्हर, म्हणजे सतत चालू राहून फीड आणणारी आणि काय वाचलं ते लक्षात ठेवणारी मधली सोय, निवडावा लागतो. तिथे मी फ्रेशआरएसएस सुचवेन. तुमच्याकडे आयफोन किंवा मॅक असता तर नेटन्यूजवायर एवढंच नाव देऊन थांबलो असतो. ते फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, २००२ पासून चालत आलेलं आहे आणि झपाट्याने उघडतं.

पण नावं बदलत राहतात. एखादं ॲप चांगलं चालतं, मग ते चालवणारा माणूस थकतो आणि काम थांबतं. म्हणून ‘हलकं’ म्हणजे नेमकं काय, हे एकदा समजून घेतलंत तर पुढच्या वेळी कुणाला विचारावं लागणार नाही. माझ्या मते रीडरचा हलकेपणा त्याच्या आकारावर कमी आणि दोन गोष्टींवर जास्त अवलंबून असतो: मजकूर दाखवायला तो काय वापरतो, आणि फीड आणायला तो किती वेळा व कशा पद्धतीने जातो.

पहिली गोष्ट. फीड म्हणजे मुळात एक्सएमएलची एक फाइल. शीर्षक, दुवा, तारीख, मजकूर किंवा त्याचा सारांश, आणि प्रत्येक नोंदीची एक ओळखखूण. नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझर-कंपनीने मार्च १९९९ मध्ये आरएसएसची पहिली आवृत्ती काढली, तेव्हाच्या संगणकांनाही ती सहज झेपत होती. आरएसएस २.० सप्टेंबर २००२ मध्ये आलं, ॲटम हे तशाच फीडचं दुसरं स्वरूप डिसेंबर २००५ मध्ये प्रमाणित झालं, आणि तेव्हापासून या फाइलींच्या रचनेत फारसा फरक पडलेला नाही. मग आजचा एखादा रीडर शेकडो एमबी मेमरी का अडवतो? कारण चार परिच्छेद दाखवण्यासाठी तो आख्खा ब्राउझर सोबत घेऊन येतो. इलेक्ट्रॉन या साच्यावर बांधलेल्या प्रत्येक ॲपच्या पोटात क्रोमियम, म्हणजे क्रोमचा मूळ ब्राउझर, असतो. फ्लुएंट रीडर दिसायला देखणा आहे, सोयीचाही आहे, पण तो याच जातीचा. सोळा जीबी रॅम असलेल्याने तो खुशाल वापरावा. चार जीबीमध्ये एका बाजूला फायरफॉक्स उघडा असताना दुसरा ब्राउझर वेषांतर करून चालवणं परवडत नाही.

म्हणून रीडर उतरवण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: हा लेख कशात दाखवतो? उत्तर ‘क्रोमियम’ किंवा ‘क्यूटी वेब इंजिन’ असेल तर तो जड. उत्तर ‘वेबकिट’ हे दुसरं ब्राउझर-इंजिन असेल तर मध्यम. लाइफरिया इथे बसतो, मिंटच्या भांडारातून थेट मिळतो आणि तुमच्या लॅपटॉपवर नीट चालेल. उत्तर ‘साधा मजकूर-दर्शक’ असेल तर खरा हलका. आरएसएस गार्डची हलकी आवृत्ती अशी आहे: परिच्छेद, दुवे आणि चित्रं दिसतात, जावास्क्रिप्ट (पानात दडलेला कोड) चालत नाही. काही नोंदी थोड्या ओबडधोबड दिसतील. ती किंमत मला मान्य आहे, कारण जावास्क्रिप्ट चालत नाही म्हणजे पानातल्या बऱ्याच पाळतीलाही आपोआप आळा बसतो. लेख नीट दिसत नसेल तर एका क्लिकवर तो तुमच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये उघडतो, आणि ब्राउझर तर उघडाच असतो.

क्वाइटआरएसएसचं नाव अजून बऱ्याच याद्यांमध्ये दिसतं. एके काळी विंडोजवर तो उत्तम होता. पण त्याचं काम २०२० नंतर पुढे सरकलेलं नाही आणि आतलं वेब-इंजिन जुनं आहे. बाहेरून आलेला एचटीएमएल मजकूर रोज उघडणाऱ्या ॲपमध्ये हे चालवून घेऊ नये. नवीन बसवू नका, आणि जुना असेल तर यादी निर्यात करून बाहेर पडा. मेलसाठी थंडरबर्ड आधीच वापरत असाल, तर त्यात फीडची सोय अंगभूत आहे. वेगळं काही बसवावंच लागत नाही. वीस-तीस फीडसाठी तेवढं पुरतं, दीडशेला मात्र त्याचे फोल्डर गैरसोयीचे वाटू लागतात.

दुसरी गोष्ट नेटवर्कची, आणि बहुतेक जण इकडे लक्षच देत नाहीत. हिशेब करून पाहू. समजा दीडशे फीड आहेत, प्रत्येक फाइल सरासरी शंभर केबीची, आणि रीडर दर अर्ध्या तासाने सगळ्या फाइली नव्याने उतरवतो. दिवसाला अठ्ठेचाळीस फेऱ्या, म्हणजे सुमारे ७२० एमबी. दाबून पाठवलेल्या स्वरूपात हे बरंच कमी होतं, तरी ज्या फाइली बदललेल्याच नाहीत त्यांच्यासाठी शे-दोनशे एमबी जाणं ही निव्वळ उधळपट्टी आहे. तुमचा डेटा बहुधा इथेच जात होता.

शहाणा रीडर तसं करत नाही. फीड पहिल्यांदा आणताना त्या संकेतस्थळाचा सर्व्हर सोबत एक खूण पाठवतो, ‘ईटॅग’ किंवा ‘शेवटचा बदल कधी झाला’ ती वेळ. रीडर ती जपून ठेवतो आणि पुढच्या फेरीत तीच परत दाखवून विचारतो, यानंतर काही बदललंय का? नसेल तर सर्व्हर ३०४ हा उत्तर-क्रमांक देतो आणि मजकूर पाठवतच नाही. उत्तर जेमतेम अर्ध्या केबीचं. प्रत्येक वेळी सुरक्षित जोडणी नव्याने उभारायची धरली तरी एका फीडमागे पाचेक केबी. अर्ध्या तासाऐवजी चार तासांनी एकदा फेरी ठेवलीत तर दिवसाला नऊशे विचारणा होतात, आणि बदल न झालेल्या फीडचा सगळा खर्च पाच एमबीच्या आत राहतो. खर्च उरतो तो फक्त खरोखर नवीन आलेल्या मजकुराचा.

ही पद्धत एचटीटीपीमध्ये, म्हणजे वेबवरच्या देवाणघेवाणीच्या नियमांत, फार पूर्वीपासून आहे, तरीही ती नीट न पाळणारे रीडर आजही आहेत. तपासायला सोपं आहे. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपचा डेटा-वापर पाहा, सगळ्या फीड एकदा ताज्या करा, आकडा टिपून ठेवा आणि लगेच दुसऱ्यांदा ताज्या करा. दुसऱ्या फेरीत आकडा जवळजवळ जागचा हलला नाही तर ॲप चांगलं. पहिल्याइतकाच वाढला तर ते काढून टाका, दिसायला कितीही सुंदर असलं तरी. हा तुमच्या डेटाइतकाच समोरच्या माणसाचाही प्रश्न आहे. एखादी व्यक्ती स्वतःच्या खर्चाने छोटा ब्लॉग चालवते, आणि शेकडो रीडर तिच्या सर्व्हरवर दर पाच मिनिटांनी धडकत असतात. वैतागून ती फीड बंद करते किंवा रीडरना अडवते, आणि नुकसान सगळ्यांचं होतं. फार वारंवार विचारणाऱ्याला काही सर्व्हर ४२९ हे उत्तर देतात, म्हणजे ‘थोडं थांबून या’. चांगला रीडर ते ऐकतो.

फोनवर फीडरमध्ये दोन खुणा करून ठेवा: फीड फक्त वायफायवर आणायच्या, आणि हवं असेल तर फक्त चार्जिंगला लावलेला असताना. रात्री फोन चार्जिंगला असतो तेव्हा सगळं येऊन पडतं आणि सकाळी लोकलमध्ये नेटवर्क नसतानाही वाचता येतं. अँड्रॉइड पार्श्वभूमीतली आवर्ती कामं पंधरा मिनिटांपेक्षा कमी अंतराने करूच देत नाही, त्यामुळे ‘दर मिनिटाला ताजं’ अशा जाहिरातीकडे लक्ष देऊ नका. उलट तक्रार जास्त खरी असते: बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली अनेक फोन पार्श्वभूमीतली ॲप मारून टाकतात आणि रात्रीची फेरी होतच नाही. सकाळी फीड शिळ्या दिसल्या तर बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन या ॲपला सूट द्या.

आता सर्व्हर हवा की नको. याचं उत्तर तुमच्या फीडच्या स्वभावावर आहे. फीडमध्ये जुनं सगळं साठवलेलं नसतं, फक्त शेवटच्या काही नोंदी असतात. वर्डप्रेसमध्ये ही संख्या मुळात दहा असते. यूट्यूब वाहिनीच्या फीडमध्ये पंधरा असतात. महिन्यातून दोनदा लिहिणाऱ्या ब्लॉगसाठी दहा नोंदी म्हणजे पाच महिने. लॅपटॉप आठवडाभर बंद राहिला तरी काही सुटत नाही. पण वर्तमानपत्राच्या फीडमधून दहा-वीस बातम्या दोन-तीन तासांत वाहून जातात. लॅपटॉप संध्याकाळी उघडलात तर दुपारच्या बातम्या तुमच्या रीडरने कधी पाहिलेल्याच नसतात. बातम्यांचं ठीक आहे, महत्त्वाची बातमी दहा ठिकाणी येते. रिझर्व्ह बँकेच्या प्रसिद्धिपत्रकांचं आणि अधिसूचनांचं तसं नाही. कामासाठी त्यांच्यावर अवलंबून असाल तर एकही सुटता कामा नये, आणि मग सतत जागा असणारा कुणीतरी फीड आणत राहायला हवा. त्या एका कारणासाठीसुद्धा सर्व्हर घेण्यासारखा आहे.

सर्व्हर म्हणजे दोन वाटा. इनोरीडर, फीडली, द ओल्ड रीडर यांसारखी सेवा घ्यायची, किंवा स्वतःचा चालवायचा. सेवांच्या मोफत योजनांमध्ये स्रोतांच्या संख्येवर मर्यादा असते, आणि दीडशेच्या आसपास तुम्ही तिला टेकाल. पैसे भरून घेणार असाल तर त्यात काही गैर नाही. देखभालीचा वेळ वाचतो. त्यांची संकेतस्थळं मात्र जुन्या लॅपटॉपवर जड वाटू शकतात. तेव्हा सेवेला फीड आणू द्या आणि वाचायला आरएसएस गार्ड जोडा.

स्वतःचा चालवायचा असेल तर तीन नावं. फ्रेशआरएसएस पीएचपी भाषेत आहे, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर चालतो, रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर मजेत राहतो आणि स्वस्त वेब-होस्टिंगवरही बसतो. मिनीफ्लक्स गो भाषेत लिहिलेला, एकाच फाइलचा, अतिशय शिस्तशीर. पण त्याला पोस्टग्रेसक्यूएल लागतंच, म्हणजे एक मोठा डेटाबेस सांभाळणं आलं. आधीच पोस्टग्रेस चालवणाऱ्याला मी बेधडक मिनीफ्लक्स घ्या म्हणेन. तिसऱ्याचं नाव ‘यार’. एक फाइल, आत एसक्यूलाइट, सोयी मोजक्या, पण एकट्या माणसाला पुरेशा. तुमच्यासाठी फ्रेशआरएसएस म्हणण्याचं कारण म्हणजे फोनवरची ॲप. गूगल रीडरचा जो जोडणी-संकेत (ॲपने सर्व्हरशी बोलायची पद्धत) होता तो फ्रेशआरएसएस बोलतो, आणि मूळ गूगल रीडर बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी ॲप लिहिणारे तोच वापरतात. त्यामुळे फोनवर रीड यू किंवा कॅपी रीडर, लॅपटॉपवर आरएसएस गार्ड किंवा न्यूजबोट (त्याच्याबद्दल पुढे), सगळे एकाच सर्व्हरला जोडता येतात. सुरुवातीला सुचवलेलं फीडर मात्र या सर्व्हरशी बोलत नाही. ते मुद्दाम फोनपुरतं ठेवलेलं ॲप आहे, तेव्हा सर्व्हरची वाट धरलीत तर ते बदलावं लागेल.

घरी रास्पबेरी पाय ठेवणार असाल तर दोन सूचना, दोन्ही आपल्याकडच्या परिस्थितीतून आलेल्या. वीज जाते, आणि लिहिणं चालू असताना वीज गेली की एसडी कार्ड बिघडतं. राउटरला जो छोटा यूपीएस लावतात त्यावरच रास्पबेरी पायही घ्या, किंवा डेटाबेस यूएसबीवरच्या एसएसडीत ठेवा. दुसरं, अनेक ब्रॉडबँड जोडण्यांमध्ये घराला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, त्यामुळे राउटरवर पोर्ट उघडूनही बाहेरून पोचता येत नाही. त्यात डोकं घालू नका. टेलस्केलसारखी खाजगी जोडणी टाका. फोन कुठूनही घरच्या रास्पबेरी पायला पोचतो आणि तुमचा सर्व्हर जगासमोर उघडाही राहत नाही.

घरच्या सर्व्हरचा आणखी एक फायदा आहे. आजकाल बरीच संकेतस्थळं यंत्रांना रोखणाऱ्या भिंतीमागे असतात आणि डेटा सेंटरमधून आलेल्या विचारणेला ४०३ (‘प्रवेश नाही’) देऊन परत पाठवतात. तीच विचारणा घरच्या जोडणीवरून गेली तर अनेकदा चालते. संकेतस्थळाच्या मालकाला लिहून सांगितलं तर तो फीडचा पत्ता त्या भिंतीतून वगळू शकतो. छोट्या ब्लॉगवाल्यांना मी तसं लिहितो आणि ते बहुतेक वेळा ऐकतात. फीड अडलीय हेच त्यांना माहीत नसतं.

आता मराठी वाचकासाठी सगळ्यात महत्त्वाचा भाग, कारण हलक्या रीडरच्या इंग्रजी याद्यांमध्ये तो कधीच येत नाही.

न्यूजबोट हा टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, चालणारा रीडर आहे. न्यूजब्यूटरचं काम थांबल्यावर २०१७ मध्ये त्यातूनच तो निघाला. मेमरी अगदी थोडी लागते, सगळं कळफलकावर, फीडची यादी एका साध्या मजकूर-फाइलमध्ये. मला तो मनापासून आवडतो आणि इंग्रजी फीडसाठी त्याला तोड नाही. पण बहुतेक टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन देतात. देवनागरीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी यायला हवी, जोडाक्षरं एकत्र व्हायला हवीत, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जायला हवा. हे चौकोनांच्या हिशेबात बसत नाही. ओळी सरकतात, मात्रा तुटतात, मिंटचं नेहमीचं टर्मिनलही यात कमी पडतं. कॉन्सोल नावाचं टर्मिनल त्यातल्या त्यात बरं. शीर्षकं चाळून लेख ब्राउझरमध्ये उघडण्याइतपत जमतं, तासभर बसून मराठी वाचणं जमत नाही. तुमच्या यादीत मराठी जास्त आहे, म्हणून न्यूजबोट हलका असूनही मी तो पहिल्या ओळीत सुचवला नाही.

ग्राफिक रीडरमध्ये अक्षरं नीट जुळतात, पण ओळींमधलं अंतर पाहा. रोमन लिपीसाठी ठरवलेल्या अंतरात मराठीच्या वरच्या आणि खालच्या मात्रा एकमेकींना भिडतात आणि डोळे थकतात. फ्रेशआरएसएस आणि मिनीफ्लक्स दोन्हींत स्वतःची सीएसएस (पानाचं रूप ठरवणारे नियम) घालता येते. ओळींचं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.७ ते १.८ पट करा, टंक नोटो सॅन्स देवनागरी ठेवा. दोन ओळींचं काम आहे, आणि वाचनात पडणारा फरक लगेच जाणवतो.

गाळणीचं प्रकरण याहून अवघड. वर्तमानपत्राची फीड घेतली की ठरावीक विषयांच्याच बातम्या वर याव्यात असं वाटतं, आणि रीडरमध्ये शब्द घालून गाळणी करता येते. समजा तुम्ही ‘शेतकरी’ हा शब्द घातलात. ‘शेतकऱ्यांना मदत जाहीर’ ही बातमी सापडणार नाही, कारण मराठीत शब्द विभक्तीने बदलतो आणि रीडर फक्त अक्षरं जुळवतो. बरं, ‘शेतकऱ्यांना’ असंच घातलंत तरी पुरत नाही. आतला ऱ दोन प्रकारे टंकलेला असतो: एकतर त्याचं स्वतःचं युनिकोड अक्षर, किंवा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. शिवाय घाईत ‘शेतकर्यांना’ असं रफार देऊन लिहिणारेही आहेत. उपाय म्हणजे शब्दाचा न बदलणारा मुळाचा तुकडाच घालायचा: ‘शेतक’. तिन्ही लेखनं आणि सगळ्या विभक्ती त्यात येतात.

मुळाचा तुकडा घेतानाही विचार लागतो. कांद्याच्या बाजारभावासाठी ‘कांद’ घाला. कांदा, कांदे, कांद्याचे सगळे सापडतील, आणि सोबत कांदिवलीतल्या सगळ्या बातम्याही येतील. मग कांदिवली वगळण्याची दुसरी अट जोडा. ‘पाणी’साठी ‘पाण’ घातलं तर पाणबुड्याही येतात. फ्रेशआरएसएस, मिनीफ्लक्स आणि आरएसएस गार्डमध्ये नमुना-जुळणी करता येते, त्यामुळे अशा अटी एका ओळीत मांडता येतात. ‘ॲप’, ‘ॲसिड’, ‘बँक’ अशा शब्दांची दोन-दोन रूपं नमुन्यात घालायला विसरू नका. ॲ हे अक्षरही दोन पद्धतींनी टंकलं जातं, आणि ‘बॅंक’ लिहिणारे आहेतच.

गाळणीपेक्षाही चांगला मार्ग म्हणजे आख्ख्या वर्तमानपत्राची फीड न घेणं. संकेतस्थळ वर्डप्रेसवर असेल तर कुठल्याही विभागाच्या किंवा लेखकाच्या पानाच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहा; बहुतेक वेळा त्या विभागाची वेगळी फीड मिळते. ब्लॉगरवरच्या ब्लॉगला लेबलनुसार फीड असते. यूट्यूबच्या वाहिनीचं पान रीडरमध्ये चिकटवलं की बरेच रीडर आतली फीड स्वतः शोधतात. मास्टोडॉन या समाजमाध्यमावरच्या व्यक्तीच्या पत्त्याला टिंब आणि आरएसएस ही इंग्रजी अक्षरं जोडली की झालं. रिझर्व्ह बँक आणि सेबी दोघांच्याही संकेतस्थळांवर फीड आहेत, बीबीसी मराठीचीही आहे. पानावर आरएसएसची नारिंगी खूण दिसली नाही म्हणून फीड नाही असं समजू नका. डिसेंबर २०१८ मध्ये फायरफॉक्सनेही आपली फीडची सोय काढून टाकली, तेव्हापासून ब्राउझर याबाबत मुका झालाय. फीड मात्र पानाच्या आत जागच्या जागी असते.

संख्येबद्दल माझं स्पष्ट मत आहे. दिवसाला शंभर नोंदी टाकणारी एक फीड आणि वर्षाला चार लेख येणारे पन्नास ब्लॉग यांत रीडरवर आणि तुमच्यावर ओझं पडतं ते त्या एका फीडचं. ‘न वाचलेल्या २,३४७’ असा आकडा दिसू लागला की माणूस रीडर उघडायचाच बंद होतो. बातम्यांच्या फीड वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, त्यांचा न वाचलेला आकडा शक्य असेल तिथे लपवा, आणि तीन दिवसांनी त्या आपोआप पुसल्या जातील असं करा. ब्लॉग, परिपत्रकं आणि तुम्ही खरोखर ज्यांची वाट पाहता ते लेखक वेगळ्या फोल्डरमध्ये, न पुसता. फीडची खरी ताकद या दुसऱ्या फोल्डरमध्ये आहे. दोन वर्षं गप्प असलेला एखादा मराठी ब्लॉग अचानक कोकणातल्या देवराईवर किंवा जुन्या मोडी कागदपत्रांवर दीर्घ लेख टाकतो, आणि तो त्याच सकाळी तुमच्यासमोर येतो. समाजमाध्यमांच्या गर्दीत तो लेख तुम्हाला कधी दिसला नसता. असे ब्लॉग गप्प आहेत म्हणून काढून टाकू नका. वर केलेल्या हिशेबाप्रमाणे गप्प फीडचा खर्च म्हणजे काही केबीची विचारणा, एवढाच.

पुसण्याच्या मुदतीचा संबंध हलकेपणाशीही आहे. नवा कोरा रीडर कुठलाही असो, झटपटच चालतो. खरी परीक्षा सहा महिन्यांनी, डेटाबेसमध्ये लाखभर नोंदी साठल्यावर होते. जुन्या नोंदी पुसण्याची सोय फीडनुसार वेगवेगळी ठेवता येते का, हे आधीच पाहून घ्या.

शेवटी यादीची मालकी. गूगल रीडर बंद होणार हे १३ मार्च २०१३ रोजी जाहीर झालं आणि १ जुलै २०१३ रोजी तो बंद झाला. ज्यांनी आपली यादी ओपीएमएल फाइलमध्ये उतरवून घेतली ते दुसऱ्या दिवशी दुसरीकडे वाचत होते. ओपीएमएल म्हणजे फीडच्या पत्त्यांची साधी मजकूर-फाइल. दीडशे फीडची यादी काही केबींत मावते. जो रीडर ती आयात आणि निर्यात दोन्ही करू देत नाही तो निवडू नका. महिन्यातून एकदा निर्यात करा आणि मेलने स्वतःला पाठवून ठेवा. दोन रीडरमध्ये निवड होत नसेल तर तीच फाइल दोन्हींत घाला, आठवडाभर दोन्ही वापरा, आणि हात आपोआप ज्याच्याकडे जाईल तो ठेवा.

तुमच्याकडे अशी जुनी यादी पडून असेल तर आयात करण्याआधी ती साध्या मजकूर-संपादकात उघडा. २०१२ पासून काही वर्षं ब्लॉगरचे ब्लॉग भारतातून उघडले की पत्त्याच्या शेवटी ‘डॉट इन’ यायचं, आणि अनेकांच्या याद्यांमध्ये मराठी ब्लॉग त्याच पत्त्याने साठवले गेले. २०२० मध्ये ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’ हे नाव गूगलच्या हातून गेलं आणि ते सगळे दुवे तुटले. ब्लॉग मात्र बहुतेक जागेवर आहेत. संपादकात शोधा-आणि-बदला वापरून ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’च्या जागी ‘ब्लॉगस्पॉट डॉट कॉम’ करा, फाइल जतन करा आणि मगच आयात करा. मेल्या म्हणून सोडून दिलेल्या बऱ्याच फीड परत चालू होतील. त्यानंतरही ज्या ४०४ (‘सापडलं नाही’) देतील त्यांचं मूळ पान एकदा ब्राउझरमध्ये उघडून पाहा. स्वतःचं डोमेन घेऊन दुसरीकडे गेलेला लेखक बहुतेक वेळा जुन्या पानावर नवा पत्ता लिहून ठेवतो.